‘आज काय आलंय?’ : वेंगुर्ल्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत वेंगुर्ल्याबद्दल विचारणारी बरीच पत्रं आली. माझा जन्म इथला, लग्न होऊन मी इथेच राहिले आणि एकतीस वर्षं इथल्याच मुलांना शिकवलं. म्हणून संपादकांनी ती सगळी पत्रं माझ्याकडे दिली. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तर देते आहे.

प्रश्न : आम्ही चौघं डिसेंबरात तीन दिवसांसाठी येतोय. सुरमई थाळी सगळ्यात चांगली कुठे मिळेल? दहा ठिकाणांची यादी द्याल का? (पुणे)

यादी देत नाही. तुमच्यावर रागावून नव्हे, तुमचं जेवण चांगलं व्हावं म्हणून.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी भाची तिच्या मैत्रिणींना घेऊन आली होती. त्यांनी मोबाइलवर बघून एक ठिकाण निवडलं आणि सुरमई मागवली. तुकडा मोठा, वर रवा कुरकुरीत, आणि आत मासा कापसासारखा. बर्फात किती दिवस पडून होता कोण जाणे. मुली बिचाऱ्या "छान आहे" म्हणत खात होत्या. मला ते ताट बघवेना. त्याच दिवशी सकाळी बंदरावर फडफडीत बांगडा उतरला होता आणि तो कुणी मागितलाच नव्हता.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की "सुरमई आहे का?" असं विचारू नका. "आज काय आलंय?" असं विचारा. एवढा एक प्रश्न बदललात तर वेंगुर्ल्यातलं तुमचं जेवण बदलेल.

जमलं तर सकाळी सातच्या सुमारास बंदरावर या. रात्री गेलेल्या छोट्या होड्या परतत असतात, जाळी झटकून मासळी काढायचं काम चाललेलं असतं आणि बायका टोपल्या घेऊन थांबलेल्या असतात. मी ज्या मामींकडून वर्षानुवर्षं मासे घेते त्या मला गेल्या आठवड्यातच म्हणाल्या, "इसवण आसा, पण ता कालचा बर्फातला. तू पेडवे घे गो बाय, आताच जाळ्यातसून काडलेले आसत." इसवण म्हणजे तुमची सुरमई. महाग मासा समोर असताना विकणारी बाई स्वतः स्वस्त मासा घ्यायला सांगते, तेव्हा तिचं ऐकायचं.

डिसेंबरात तुम्हाला बांगडा मिळण्याची शक्यता मोठी. तो तळून सगळीकडे मिळतो, तुम्ही तिकलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, मागा. बांगड्याच्या तिकल्यात खोबऱ्याचं वाटण नसतं किंवा अगदी नावाला असतं. लाल मिरची, हळद, चार आमसुलं, मीठ आणि तिरफळं. तिरफळ हे मिरीएवढं, काटेरी झाडाचं फळ. आतली काळी बी काढून टाकायची आणि वरचं साल ठेचून शेवटच्या उकळीला घालायचं. आधी घातलं तर कडवट होतं. ते खायचं नसतं, ताटात आलं की बाजूला काढून ठेवायचं. एखादं चुकून दाताखाली आलं तर जीभ दोन मिनिटं मुंग्या आल्यासारखी होते. घाबरू नका, भाताचा घास घ्या. माझी आई हे तिकलं मातीच्या कुंडल्यात करायची आणि उतरवताना वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडायची. झाकण काढलं की तो वास ओटीपर्यंत यायचा. रात्रीचं उरलेलं तिकलं सकाळी आंबोळीबरोबर खावं. रात्री मुरल्यावर ते जास्त चांगलं लागतं असं मी अगदी ठामपणे सांगते.

भात उकड्या तांदळाचाच घ्या. जाड, लालसर दाणा बघून पुण्याची माणसं पांढरा भात मागतात, पण आमच्या कढीला तो पांढरा भात पुरत नाही.

जेवायचं कुठे, तर घरगुती खानावळीत. बाजारात आणि उभादांड्याच्या बाजूला अशा बऱ्याच आहेत. बाहेर लहानशी पाटी, आत चार-पाच टेबलं, स्वयंपाक घरातलीच बाई करते. सकाळी नऊच्या आत फोन करा, किती माणसं ते सांगा आणि आज काय आलंय ते विचारा. तिने तुमच्या नावावर बाजार केला की ती तुम्हाला शिळं वाढणार नाही. दुपारी दोनला अचानक जाऊन उभं राहिलात तर उरलंसुरलं मिळेल, आणि त्यात तिची चूक नाही. सोलकढी दोन प्रकारची असते. नारळाच्या रसातली गुलाबी तुम्हाला माहीत आहे. फुटी कढी विचारून बघा. त्यात नारळाचा रस नसतो, नुसतं आमसुलाचं पाणी, मिरची, कोथिंबीर. तळलेल्या माशानंतर मला तीच बरी वाटते.

आणखी एक मनापासून सांगायचं आहे. सगळ्यांनी सुरमई, पापलेट आणि कोळंबीच मागितली की तीच आणायला मोठ्या यंत्रबोटी समुद्र खरवडतात. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी आहे, माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने 2016 मध्ये निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावरचा छोटा मच्छीमार अजून त्याच तक्रारी करतो आहे. रापण ओढताना बघितलीत तर माझं म्हणणं कळेल. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसं ओढतात, म्हातारी-कोतारीसुद्धा. जे येईल त्याचे वाटे पडतात. त्या जाळ्यात तारली, पेडवे, बांगडे, मुडदुशे असे लहान मासे येतात. तुम्ही ते आवडीने खाल्लेत तर त्या माणसांच्या घरात चूल पेटते.

प्रश्न : सासू-सासरे बरोबर आहेत, दोघंही शुद्ध शाकाहारी. कोकणात त्यांची उपासमार होईल अशी भीती वाटते. (नागपूर)

होणार नाही. आमच्याकडे अनेक घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, श्रावणात तर महिनाभर नाहीत. त्या दिवशी आम्ही जे खातो ते हॉटेलच्या पाटीवर दिसत नाही, एवढीच अडचण आहे. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे सांगा. वाटाणे रात्रभर भिजवलेले, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, रस्सा काळसर आणि दाट. कोंबडीबरोबर जे वडे खातात तेच हे वडे. आंबोळीबरोबरही ही उसळ चालते. गोकुळाष्टमीला आमच्याकडे घरोघरी आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी असते, त्यावरून समजा की हे काही माशाला पर्याय म्हणून केलेलं खाणं नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत येणार असाल तर ओल्या काजूची उसळ चुकवू नका. ती महाग का असते तेही सासऱ्यांना सांगा. कोवळी हिरवी बी सुरीने उभी चिरायची आणि आतला गर अख्खा काढायचा. त्या सालीतला चीक हाताला लागला की कातडी जळते आणि सोलून निघते. आमच्या शेजारच्या काकू बसण्याआधी हाताला खोबरेल चोळून घेतात, तरी हंगाम संपेपर्यंत त्यांची बोटं काळी पडलेली असतात. गर काढल्यावर कोमट पाण्यात घालून वरची पातळ साल काढायची. एवढं केल्यावर एक वाटीभर गर पदरात पडतो. त्याच सुमारास फणसाच्या कुवरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी मिळते, आणि मे महिन्यात रायवळ आंब्याचं सासव. मोहरी लावलेल्या गोड-आंबट-तिखट रसात अख्खा आंबा असतो. तो हातात धरून चोखायचा, चमच्याने खायच्या भानगडीत पडू नका.

गोडात शिरवाळे. तांदळाच्या उकडलेल्या पिठाचे गोळे गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबतात. दाबायला जोर लागतो, आमच्या घरी ते काम दोघं मिळून करतात. वर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. हे ऐन वेळी कुणी करून देणार नाही, आधीच सांगा.

आणि भांडी वेगळी हवी असतील तर मोकळेपणाने विचारा. "माशाची भांडी वेगळी आहेत ना?" या प्रश्नाचं इथे कुणाला वाईट वाटत नाही.

प्रश्न : आमच्याकडे एकच दिवस आहे. गर्दी नसलेले किनारे आणि चांगली जागा सांगा. (ठाणे)

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, मग दिवस ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे भरती दुपारच्या आसपास असते आणि पुढे रोज पाऊण-एक तासाने सरकत जाते. मासेमारांच्या बोलण्यात उधाण आणि भांग हे शब्द ऐकाल. उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती.

पाणी भरलेलं असताना मांडवी खाडीत जा. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे खंड्या अगदी जवळ बसलेला दिसतो. होडी वल्हवणाऱ्या बाईला कांदळाची शेंग दाखवायला सांगा. या झाडाचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब होतं आणि मग खाली चिखलात भाल्यासारखं उभं रुततं. मी माझ्या चौथीच्या मुलांना ते पुस्तकातल्या चित्रावरून शिकवत होते. होडीत बसून पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार वाटलं की मुलांना इथेच आणायला हवं होतं. ज्या बायका आधी खाडीत कालवं आणि तिसऱ्या काढून विकायच्या, त्याच आता झाडांची नावं सांगतात. त्यांचे पैसे कमी करून मागू नका.

ओहोटीला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर चाला. वाळूतलं महादेवाचं देऊळ, मागे सुरूची झाडं, पुढे लांबच लांब पुळण. संध्याकाळी मावळतीला तिथेच थांबा. शिरोड्याच्या रस्त्यावर मोचेमाडला घाटीच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन खाली बघा, नदी समुद्राला मिळताना दिसते. बाकी किनारे एका दिवसात करू नका.

फेब्रुवारीनंतर येत असाल तर वायंगणीला कासवांची चौकशी करा. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत अंडी घालते आणि गावकरी ती घरटी कुंपण घालून राखतात. पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी निघतात. ती कोणत्या दिवशी निघतील हे कुणीच सांगू शकत नाही, तेव्हा दिसली तर भाग्य समजा. मोबाइलचा उजेड त्यांच्यावर मारू नका. उजेडाकडे वळायची त्यांची सवय असते, ती समुद्राऐवजी तुमच्याकडे येतील.

ओहोटीच्या वेळी पोहायला उतरू नका. पाणी शांत दिसतं आणि पायाखालची वाळू आत ओढली जाते. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेला माणूस "नको" म्हणाला तर त्याचं ऐकाच.

प्रश्न : माझे पणजोबा बेळगावहून बैलगाड्या घेऊन वेंगुर्ला बंदरावर माल आणायचे, असं घरात ऐकलंय. त्या काळातलं काही बघायला उरलंय का? (बेळगाव)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या गावाचं अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं आहे.

आंबोली घाटातून उतरणारा बेळगाव-वेंगुर्ला रस्ता हा घाटावरच्या मालाचा समुद्राकडे जायचा मुख्य मार्ग होता. कापूस, धान्य खाली यायचं, मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. 1888 मध्ये मार्मागोवा बंदराकडून रेल्वे घाटावर चढली आणि माल तिकडे वळला. आमचं बंदर हळूहळू ओसरत गेलं. उतारूंच्या बोटी मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षं येत होत्या. माझे वडील मुंबईहून बोटीनेच यायचे. बोट दूर खोल पाण्यात थांबायची, तिथून पडावात उतरायचं आणि मग किनारा. ट्रंक आधी, मग माणूस, असं ते सांगायचे.

बघायला काय उरलंय ते सांगते. गावात डच वखार आहे. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी ती बांधली. आज छप्पर नाही, भिंतींमधून झाडं उगवली आहेत, तरी जाड चिऱ्याच्या भिंती आणि कमानी बघून किती माल इथे राहत असेल याचा अंदाज येतो. तिची देखभाल व्हायला हवी, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते आणि इथेही लिहिते. बाजारात जुनं क्रॉफर्ड मार्केट आहे. हो, मुंबईसारखंच नाव. त्यात भाजीवाल्या आणि कोकम-काजूची दुकानं आहेत. आमची नगरपरिषद 1876 सालची, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळातली. नंतर बंदराजवळच्या टेकडीवर दीपगृहाच्या बाजूने चढा. वरून बंदर, खडक आणि मोकळा समुद्र एकदम दिसतो. कवी मंगेश पाडगावकर 1929 मध्ये याच गावात जन्मले.

खाली उतरलात की बंदराजवळच्या टपरीवर चहा आणि गरम उसळ-पाव घ्या. माल उतरवणारे हमाल काय खात असतील हे मला ठाऊक नाही, पण आज सकाळी होडीवरून येणारे हेच खातात.

प्रश्न : माझी आई निवृत्त मराठी शिक्षिका आहे. तिला खांडेकरांचं शिरोडं बघायचं आहे. तिला फार चालता येत नाही. (कोल्हापूर)

जरूर आणा. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि नंतर तुमच्याच कोल्हापुरात राहिले. 1974 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा शिरोड्याला आपल्याच घरात बक्षीस आल्यासारखं वाटलं, असं जुने लोक सांगतात. शाळेत त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे. शाळेच्या वेळेत आधी विचारून जा.

वाटेत आरवली लागते, लेखक जयवंत दळवींचं गाव. तिथे वेतोबाच्या देवळासमोर गाडी थांबवता येते. देवाला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या चपला तिथे ठेवलेल्या दिसतात. मी लहानपणी त्या चपलांच्या तळव्यांकडे टक लावून बघत बसायची.

शिरोड्याची मिठागरं आईंना गाडीत बसूनही दिसतील. मे 1930 मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. उन्हाळ्यात गेलात तर मिठाचे पांढरे ढीग उभे असतील. एक चिमूट तोंडात टाका. दुकानातल्या मिठापेक्षा ते जरा सौम्य आणि मागे किंचित कडसर लागतं. आमची लोणची याच मिठात पडतात.

प्रश्न : जुलैत यायला स्वस्त पडेल. पण तेव्हा मासे नसतात ना? आणि परत नेण्यासारखं काय? (नाशिक)

1 जून ते 31 जुलै यंत्रबोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा कुणी ताजी सुरमई वाढली तर ती कुठून आली हे विचारा. पण घरं उपाशी नसतात. मे महिन्यात वाळवलेले बांगडे आणि सोडे माळ्यावरून खाली येतात, खाडीच्या कुर्ल्या मिळतात, पहिल्या पावसानंतर अळंबी. कुळथाची पिठी, उकडा भात आणि विस्तवावर भाजलेला सुका बांगडा, बाहेर पाऊस कोसळतोय, असं एक जेवण नक्की जेवा.

नेण्यासाठी दोन वस्तू पुरे. काजू घेताना वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 ही नावं ऐकाल. त्या इथल्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या जाती आहेत, 1957 पासून ते केंद्र काम करतं. सालासकट भाजलेले काजू घ्या आणि एक तोडून बघा. कट्ट आवाज झाला पाहिजे, वाकला तर दमट आहे. आणि आमसुलं. फार चकचकीत, कोरडी कडक नकोत. मुठीत घेऊन दाबली की एकमेकांना चिकटावीत आणि बोटाला जांभळा डाग राहावा. जुलैत ती नुकतीच वाळून डब्यात भरलेली असतात, म्हणजे वर्षातली सगळ्यात ताजी. काचेच्या बरणीत ठेवा, स्टीलच्या डब्यात नको, आमसुलाचं मीठ डबा खातं.